रिकामा चालवू नका

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मला जनरेटर विकायला नाही म्हणत होता.

आता सांगा, दुकान जनरेटरचं, बाहेरची पाटी जनरेटरची, आत भिंतीला लागून ओळीने उभे जनरेटर, आणि मी बोट दाखवून म्हणतेय की हा सगळ्यात मोठा द्या. माणसाने काय करावं? बिल करावं. हा कानामागचं पेन काढून विचारतो, "घरात काय काय चालवायचंय ते आधी सांगा."

"सगळं," मी म्हटलं.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. एवढा अवघड शब्द आहे का?"

माझा आवाज चढला होता, मान्य. पण त्या आठवड्यात वीज चार वेळा गेली होती, आणि आमच्या घरात वीज गेली की नुसता अंधार होत नाही. आत्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडतं. तिची फुप्फुसं थकलीत. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीतून तिच्या नाकात सोडणारं ते गुडघ्याएवढं मशीन दिवसरात्र घरघरत असतं. ते थांबलं की मी धावत जाऊन कोपऱ्यातला सिलिंडर जोडते, आणि सिलिंडर पुरतो जेमतेम दोन तास. मी पाच वर्षांची असल्यापासून मला आत्यानेच वाढवलंय. तिच्या श्वासासाठी घड्याळाकडे बघत बसायची वेळ आली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि मग समोर येईल त्याच्यावर मी घसरते.

"गीझर?" त्याने विचारलं.

"लिहा."

"वीज गेली की नेमकी आंघोळ आठवते का तुम्हाला?"

उत्तराची वाट न बघता त्याने मान खाली घालून गीझरवर काट मारली. मग मिक्सर उडाला, इस्त्री उडाली. उरलं आत्याचं मशीन, फ्रिज, दोन पंखे आणि चार दिवे. "फ्रिज चालताना थोडी वीज घेतो, पण सुरू होताना एकदम तिप्पट ओढतो. जनरेटर अगदी छोटा घेतलात तर त्या झटक्याला दम टाकेल. आणि मोठा घेतलात तर त्याला कामच मिळणार नाही. काम नसलं की मशीन बिघडतं," तो म्हणाला, "माणसासारखंच."

"तुम्ही इथे विकायला बसलाय की परीक्षा घ्यायला?"

"परीक्षा घ्यायला. नापास झालात तर फुकट शिकवतो."

आणि हसला. मला त्या हसण्याचा इतका राग आला की घरी पोचेपर्यंत दुसरं काही डोळ्यांसमोर येईना.

दुसऱ्या दिवशी तो जागा बघायला आला. मी त्याला मागचा व्हरांडा दाखवला. वर छप्पर, पुढे जाळी, जाळीला कुलूप. आत्याच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते.

"इथे नाही," तो म्हणाला.

"इथेच. पाऊस लागत नाही, चोर येत नाही."

"धूर येतो. सरळ त्यांच्या उशाशी. त्यात जो विषारी वायू असतो ना, त्याला वास नसतो, बाई. झोपलेल्या माणसाला कळतही नाही."

"बाई कोणाला म्हणताय?"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. काम करा."

शेवटी जनरेटर गेला अंगणाच्या पार टोकाला, तिन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली. तिथून वायर आणायची आणि मीटरजवळ एक वेगळा स्विच बसवायचा म्हणाला. खटका एका बाजूला केला की घरात बाहेरची वीज, दुसऱ्या बाजूला केला की जनरेटरची, दोन्ही एकदम कधीच नाही. मला ती उगाचची कटकट वाटली. मी म्हटलं, "जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली तर? शेजारचे तसंच करतात."

तो वळला. तोवर सगळा राग मीच करत होते. आता त्याचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरले.

"शेजारच्यांना सांगा, मी स्वतः येऊन त्यांची वायर कापीन." त्याने डावा हात पुढे केला. दोन बोटं आखडलेली, सरळच होत नव्हती. "मी लाइनमन होतो. लाइन बंद करून खांबावर चढलो होतो. खाली कुठल्यातरी घरात जनरेटर असाच प्लगला जोडलेला. त्याची वीज उलटी तारेवर आली. त्या घरातल्यांना अजून पत्ता नाही."

मी भिंतीतल्या त्या प्लगकडे पाहिलं. 

आतून आत्याचा आवाज आला, "काय गं, एकदम गप्प झालीस? वीज गेली की काय?"

तिच्या त्या प्रश्नाला तो हसला, आखडलेली बोटं खिशात घातली आणि कामाला लागला. त्या दिवशी मी त्याला चहा दिला. नुसता चहा. आत्या नंतर म्हणाली की माझ्या हातचा तसा चहा तिला वर्षभरात मिळालेला नाही.

जाताना मी म्हटलं, "काय करायचं, काय नाही, ते लिहून द्या. तोंडी सांगितलेलं मला चालत नाही." मी मुद्रितशोधक आहे. पुस्तकं छापण्याआधी त्यांतल्या चुका काढणं हा माझा धंदा, शब्दांवरच माझं पोट. त्याने खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर लिहिलं: दर रविवारी पंधरा मिनिटं चालवा. रिकामा चालवु नका. ऑइल दर महिन्याला तपासा. पेट्रोल तीन महिन्यांवर जुनं ठेवु नका.

मी लाल पेन काढलं आणि त्याच्यासमोरच 'चालवु'चा उकार दीर्घ केला. मग 'ठेवु'चा.

"एवढंच चुकलंय?" त्याने विचारलं.

"एवढंच."

"मग चांगलंच लिहितो की मी."

पुठ्ठा मी शेडच्या खांबाला बांधला. आणि मग काय झालं, तर जनरेटर घेतला आणि वीज जायची थांबली. पुढच्याच आठवड्यात वीज कंपनीने कोपऱ्यावर नवीन ट्रान्सफॉर्मर बसवला. सहा महिने वीज हूं की चूं न करता राहिली. असं माझ्याच बाबतीत होतं. आत्याचं म्हणणं, वीज माझ्या तोंडाला घाबरली.

मी मात्र नेम चुकवला नाही. दर रविवारी अकरा वाजता अंगणात जायचं, दोरी ओढायची, पंधरा मिनिटं तो आवाज ऐकायचा आणि वहीत लिहायचं: सुरू झाला, ठीक. रिकामा चालवायचा नाही म्हणून टाकी कायम काठोकाठ भरलेली. पेट्रोलचा काटा जरा खाली आला की मी डबा घेऊन पंपावर.

आणि तो यायचा. पहिल्यांदा ऑइल बदलायला आला, ते ठीकच होतं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं. मग फिल्टर बघायला आला. मग स्पार्क प्लग साफ करायला. मग म्हणे शेडचा पत्रा वाजतोय का ते बघतो.

"पत्रा?" मी म्हटलं. "पत्रेवाले झालात का आता?"

"इकडून चाललो होतो..."

"इकडून कुठे रस्ता जात नाही. आमचं घर शेवटचं आहे."

"तेच तर. पुढे जाता येत नाही, मग थांबावं लागतं."

मी पाठ फिरवली. हसू आलेलं त्याला दिसायला नको होतं. एकदा ऑइल मोजायची पट्टी पुसायला त्याने फडकं मागितलं आणि माझ्या हातात होती ती तपासलेली पानं. त्यातलं एक दिलं. त्याने पट्टी पुसायच्या ऐवजी पान उलटसुलट करून वाचलं, मग घडी घालून खिशात ठेवलं, आणि पट्टी पुसली स्वतःच्या शर्टाला.

"ते पान कशाला ठेवलंत?"

"तुमचं लाल अक्षर आहे त्यावर," तो म्हणाला. "तुम्ही रागावता ते कागदावर किती शांत दिसतं..."

आत्या खिडकीतून सगळं बघायची. "इतक्या वेळा तर माझा डॉक्टर येत नाही," म्हणायची. मी तिला म्हणायचे की उगाच काहीतरी जोडू नकोस. ती म्हणायची, "मी कुठे जोडतेय? मी आपली टेलिफोन ऑपरेटर. तीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या. लागलेली लाइन मला कळते."

मग तो मंगळवार आला. दुपारी एकाएकी वारा सुटला, धुळीचे लोट उठले आणि कोपऱ्यावरचं मोठं झाड तारांवर आडवं झालं. पंखा थांबला. आत्याच्या मशीनने एक लांब शिट्टी मारली आणि तेही थांबलं.

खरं सांगते, मी घाबरले नाही. सिलिंडर जोडला, शांतपणे अंगणात गेले, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. मीटरजवळचा खटका फिरवला. आणि काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, मशीन नाही. खटका पुन्हा मागे पुढे केला. अंगणात जनरेटर कोकलत होता आणि घरात सगळं ठप्प.

वीज कंपनी म्हणाली, संध्याकाळ होईल. सिलिंडरवाला म्हणाला, झाडं पडलीत, गाडीला चार तास लागतील. मग जनरेटरच्या दुकानात त्याला सात वेळा फोन लावला. सातही वेळा नुसती रिंग. सिलिंडरचा काटा मी बघत होते, आत्या मला बघत होती. शेजारच्या काकूंना तिच्यापाशी बसवलं आणि स्कूटर काढली.

दुकानात तो मागच्या बाजूला एका चालत्या इंजिनावर वाकलेला. पाच-सहा गिऱ्हाईकं उभी. मी कोणाची पर्वा केली नाही.

"खोका विकलात मला," मी ओरडले. "नुसता बोंबलणारा खोका. तिकडे माझी आत्या... सिलिंडर संपत आलाय, आणि तुम्ही फोन उचलत नाही. कसला धंदा करता? लाज वाटते का?"

त्याने इंजिन बंद केलं. हातही पुसले नाहीत. फळीवरची बॅटरी आणि दोन वायरी उचलल्या, येऊन माझ्या स्कूटरवर मागे बसला. "चला."

बॅटरी मांडीवर धरून, माझ्या खांद्याला हात लागू नये म्हणून तो सगळ्या रस्ताभर मागे झुकून बसला होता. तशा वेळीही ते माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून माझाच मला संताप आला.

शेडमध्ये त्याने जनरेटर सुरू केला. समोर दोन काटे. एक पेट्रोलचा, तो शिगेला. दुसरा विजेचा, तो शून्यावर.

"शेवटचा लोड कधी दिला होतात?"

"लोड?"

"दिवा, पंखा, काहीतरी. रविवारी काय जोडून चालवत होतात?"

"काही नाही. नुसता चालवत होते."

त्याने खांबाच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "रिकामा चालवू नका म्हटलं होतं."

"रिकामा कधीच नव्हता," मी ठणकावलं. "टाकी बघा. सहा महिन्यांत एकदाही अर्ध्याच्या खाली..."

बोलता बोलताच मला कळलं. त्यालाही कळलं. ज्या शब्दाचा उकार मी लाल शाईने नीट केला होता, त्याच्या शेजारच्याच शब्दाचा अर्थ मी भलताच घेतला होता. त्याच्या लेखी रिकामा म्हणजे काही न जोडता. माझ्या लेखी रिकामा म्हणजे पेट्रोल नसलेला. पस्तीस पुस्तकांतल्या चुका काढणारी मी, मला तीन शब्दांचं एक वाक्य समजलं नव्हतं.

"आत थोडंसं चुंबकत्व कायम राहावं लागतं," तो काम करता करता सांगत होता. "त्याच्यावर वीज उठते. महिनोन्महिने रिकामा फिरवला की ते उतरू शकतं. इंजिन ठणठणीत, पण वीज तयारच होत नाही." त्याने मागचं झाकण काढलं, बॅटरीच्या वायरी आत दोन ठिकाणी क्षणभर टेकवल्या आणि उचलल्या. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा विजेचा काटा थरथरला आणि वर गेला. घरात आत्याच्या मशीनने घरघर सुरू केली.

मी पळत आत गेले. आत्याने नळी नाकाशी नीट केली, माझा हात दाबला आणि म्हणाली, "त्याला पाणी दे. तू पण पी."

मी पाणी घेऊन शेडमध्ये आले तेव्हा तो जमिनीवर बसला होता. ग्लास त्याने घेतला नाही.

"सॉरी," मी म्हटलं. मला हा शब्द जड जातो. "चूक माझी होती. दुकानात मी नको ते बोलले."

"चूक तुमची नाही." त्याचा आवाज फाटला. "सहा महिन्यांत मी अकरा वेळा इथे आलो. अकरा. एक दिवा लावून हा काटा बघायचा, दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते. मी एकदाही बघितला नाही."

"का नाही बघितला?"

तो उठून उभा राहिला. मग रागाने, स्वतःवरच्या रागाने म्हणाला, "कारण मी जनरेटर बघायला येतच नव्हतो. तुम्हाला बघायला येत होतो. झालं?"

असं कोणी प्रेम सांगतं का? माझे कान तापले. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी सिलिंडरचा तो खाली येणारा काटा आठवला, आणि त्या आनंदाची मला शिसारी आली.

"तुमच्या त्या बघण्यापायी माझी आत्या आज..."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. बॅटरी उचलली आणि फाटकातून चालत निघून गेला.

पुढच्या रविवारी त्याच्या दुकानातले एक म्हातारे मेकॅनिक आले. नम्र, व्यवस्थित. मला ताई म्हणाले, पंखा-फ्रिज जोडून पंधरा मिनिटं चालवला, काटा तपासला, वहीत सही केली आणि चहा नको म्हणून गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच आले. तिसऱ्याही. सगळं इतकं नीट चाललं होतं की माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी भांडी आपटली, काकूंवर खेकसले, एका भल्या लेखकाच्या पानावर इतक्या खुणा केल्या की त्याने घाबरून फोन केला.

शेवटी आत्याने हाक मारली. लांबलचक बोलायचं झालं की तिला दम लागतो, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. तसं थांबत थांबत तिने मला झापलं.

"त्याला का... घालवलंस?"

"तुझ्यामुळे. तुला काही झालं असतं तर?"

"झालं का?" तिने श्वास घेतला. "दोन स्थळं आली... दोन्हींना माझं नाव सांगून... नाही म्हणालीस. मी गप्प बसले. आता हा तिसरा. ऐक. माझा श्वास... माझा आहे. जायचा तेव्हा... मला विचारून जाईल. मी तुझी आत्या आहे. सबब... नव्हे."

मी रडायला लागले. तिने रडू दिलं नाही. "रड नंतर," म्हणाली. "आधी जा. त्या माणसाला... पाठव इकडे. मला त्याला... चार शब्द सुनवायचेत."

मी तशीच निघाले. दुकानात तो एका गिऱ्हाइकाला विचारत होता की घरात काय काय चालवायचंय. मला पाहून थांबला.

"तुमचे ते काका मला चालणार नाहीत," मी म्हटलं.

"का? काम नीट करत नाहीत?"

"नीट करतात. त्याचाच तर राग आहे."

"त्यांचं लक्ष कामावर असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझं तिथे राहत नाही. पुन्हा तसं काही झालं तर... मी स्वतःला..."

"मला बोलू द्या. तीन रविवार मी त्या काकांच्या मागे उभी राहून सगळं शिकलेय. लोड देते, विजेचा काटा बघते, ऑइल बदलते. बॅटरी लावून चुंबकत्व कसं चढवायचं तेही त्यांच्याकडून घटवून घेतलंय. घरात बॅटरी आणून ठेवलीय. सिलिंडर आता एक नाही, तीन आहेत. माझ्या आत्याचा श्वास मी कोणाच्या लक्षावर सोडलेला नाही, तुमच्याही नाही."

गिऱ्हाईक आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होतं.

"मग मी कशाला हवा?" त्याने विचारलं. विचारताना त्याचा चेहरा असा पडला की मला त्याला तिथेच गदागदा हलवावंसं वाटलं.

"जनरेटरकडे मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही माझ्याकडे बघा."

तो बघत राहिला. मग शर्टाला हात पुसले, पुन्हा पुसले. कधी नव्हे ते मीही घाई केली नाही.

"आत्या..." तो म्हणाला. "त्या काय म्हणतील?"

"तिने तुम्हाला बोलावलंय. चार शब्द सुनवायचेत म्हणाली."

"आणि तुम्हाला?"

"मला बरेच सुनवायचेत," मी म्हटलं. "आयुष्य जाईल."